हत्ती आणि माहूत यांची नोंद एकाच ओळीत करा: वनविभागाला खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर

विषय : कमलापूर हत्ती कॅम्पमधील माहूत व चाराकटर यांची नेमणूक, प्रशिक्षण आणि बदली

महोदय,

महाराष्ट्र वनविभागाकडे आता मोजकेच हत्ती उरले आहेत. त्यांतला महत्त्वाचा कळप गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा वनविभागातल्या कमलापूर कॅम्पमध्ये आहे. 2022 साली ताडोबातले आणि आलापल्लीजवळच्या पातानीलचे हत्ती गुजरातेत जामनगरच्या खासगी हत्ती केंद्रात गेले. 2025 च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशानंतर नांदणी मठाची महादेवी हत्तीणही तिथेच गेली आणि सगळा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर उतरला. दोन्ही वेळा हत्तीने कुठे राहावे यावर पुष्कळ वाद झाला. हत्तीजवळ कोणी राहावे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हत्तींची देखभाल, उपचार आणि प्रशिक्षण यांच्याशी संबंध असलेले आम्ही काही जण त्याच प्रश्नावर हे पत्र लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हत्ती, त्याचा माहूत आणि त्याचा चाराकटर, म्हणजे चारा तोडून आणणारा माणूस, हे तिघे मिळून एक घटक आहेत. सरकारी दप्तरात हत्ती एका नोंदवहीत असतो आणि माणसे दुसऱ्या. त्यामुळे माणूस निवृत्त झाला, आजारी पडला किंवा दुसऱ्या कामाला लावला गेला की कागदावर फक्त 'एक पद रिक्त' एवढेच उमटते. प्रत्यक्षात त्या दिवसापासून हत्तीच्या तोंडात हात घालू शकणारा माणूस उरलेला नसतो.

माहुताचे काम म्हणजे पर्यटकांसमोर हत्तीवर बसणे, असा समज मंत्रालयापर्यंत पोचला असेल तर तो आधी दूर व्हायला हवा. जंगल कॅम्पातला हत्ती रात्री चरायला मोकळा सुटतो. त्याच्या पुढच्या पायांत बेडी असते किंवा मागच्या पायाला लांब साखळी असते. पहाटे माहूत त्या साखळीच्या ओरखड्यावरून माग काढत जातो. हत्ती सापडण्याआधी त्याचे शेण सापडते आणि तपासणी तिथूनच सुरू होते. शेणाचा गोळा फोडून त्यातले तंतू पाहायचे. ते नेहमीपेक्षा लांब आणि न चावलेले दिसले तर दाढेत काहीतरी बिघडले आहे. गोळे लहान आणि कोरडे असतील तर पाणी कमी पडते आहे. वर चिकट पातळ थर असेल तर आतड्याकडे लक्ष द्यायचे. रात्रभरात शेणाचे ढीग नेहमीपेक्षा कमी दिसले तर पोट बांधल्याची शंका घ्यायची आणि त्या दिवशी हत्तीला कामाला लावायचे नाही. हे सगळे कळायला त्या एका हत्तीचे 'नेहमीचे' काय, हे आधी ठाऊक असावे लागते.

नंतर अंघोळ. हत्तीला पाण्यात कुशीवर आडवे पाडून घासतात तेव्हा माहुताचा हात त्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. गाठ, काटा, गोचीड, साखळीचा घासा, डोळ्यातले पाणी तिथेच लक्षात येते. पायांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला बहुधा चार नखे असतात. नखाच्या मुळाशी भेग पडली, तिच्यात चिखल गेला आणि ती वरून बुजली की आत पू धरतो. हत्ती लंगडायला लागेपर्यंत तो पू खोलवर गेलेला असतो. बंदिवासातल्या हत्तींच्या हालअपेष्टांचे एक मोठे कारण पायांचे दुखणे आहे. ओल्या किंवा काँक्रीटच्या जमिनीवर बांधून ठेवले तर ते हटकून होते. कमलापूरला दर जानेवारीच्या थंडीत हत्तींना काही दिवस सुट्टी देऊन चोपिंग करतात, म्हणजे वनौषधींचा लेप करून पाय शेकतात. त्याचे कारण हेच आहे. बातम्यांत ते गमतीचे वाटते, पण वर्षभराच्या पायांची ती बेगमी असते. ती सुट्टी पर्यटन हंगामासाठी एक दिवसही कमी करू नये.

चाराकटराचे नाव तर कोणाच्या ओठी येत नाही. मोठा हत्ती दिवसाला दीडशे ते दोनशे किलो ओला चारा खातो आणि शंभर लिटरहून अधिक पाणी पितो. बांबू, वड, पिंपळ, उंबर, गवत यांचा पालट ठेवावा लागतो. सकाळी तोडलेला ओला चारा ढीग करून ठेवला तर तो आतून तापतो, आणि तोच संध्याकाळी घातला तर पोटशूळ उठतो. शिध्यातले पीठ, तांदूळ, गूळ, मीठ हे पदार्थ एकदम वाढवले किंवा बंद केले तरी पचन बिघडते. पर्यटकांनी दिलेली केळी आणि उसाची कांडी यांनी दोन नुकसाने होतात. हत्ती लठ्ठ होतो आणि त्याचा भार पायांवर येतो, हे पहिले. दुसरे नुकसान प्रशिक्षणाचे आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

ही कामाची वाटणी जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तीच्या तैनातीतली अकरा प्रकारची माणसे सांगितली आहेत. चिकित्सक, आरोहक, हस्तिपक यांच्याबरोबर अन्न शिजवणारा विधापाचक, चारा आणणारा यावसिक, पाय बांधणारा पादपाशिक आणि रात्री जवळ राहणारा औपशायिकही त्यांत आहे. शिवाय दंडाची कलमे आहेत : जागा अस्वच्छ ठेवणे, चारा न देणे, उघड्या जमिनीवर झोपवणे, नको त्या जागी मारणे, दुसऱ्याला वर बसू देणे, अवेळी बाहेर काढणे, भलत्या घाटावरून पाण्यात उतरवणे. यांतल्या प्रत्येक चुकीने आजही हत्ती दुखावतो. अकबराच्या पीलखान्यात, म्हणजे हत्तीशाळेत, 'मस्त' या पहिल्या वर्गातल्या हत्तीमागे साडेपाच नोकरांचे प्रमाण धरलेले होते. आमची मागणी त्याहून बरीच लहान आहे.

आता शिकवणीविषयी. मध्य भारतातल्या कॅम्पांत हुकूम बहुतेक हिंदी वळणाचे आहेत. मैल म्हणजे चल, धत् म्हणजे थांब, बैठ म्हणजे बस, तेरे म्हणजे कुशीवर आडवा हो. मानेवर बसलेल्या माहुताचे पाय किलाव्यात, म्हणजे गळ्याभोवतीच्या दोरात, अडकलेले असतात आणि खरे बोलणे त्या पायांनी चालते. दोन्ही कानांमागे बोटांनी पुढे रेटले की हत्ती चालतो. उजव्या कानामागे दाब दिला की तो डावीकडे वळतो. टाचा मागे दाबून अंग मागे टाकले की थांबतो. हा दाब किती, आणि शब्द आधी की पाय आधी, हे प्रत्येक माहुताचे वेगळे असते. नवा माणूस तोच शब्द उच्चारतो, पण त्याच्या पायाचा दाब वेगळा पडतो. हत्ती गोंधळून थांबतो. नव्या माणसाला वाटते की तो ऐकत नाही, आणि अंकुश बाहेर येतो. अनेक अपघातांची सुरुवात अशी होते.

केरळात याचे उग्र रूप दिसते. तिथे उत्सवाच्या हत्तींचे माहूत वारंवार बदलतात. नवा माहूत आला किंवा हत्ती मस्तीतून, म्हणजे नराच्या मदाच्या काळातून, बाहेर आला की त्याला बांधून मारझोड करून पुन्हा 'वठणीवर' आणण्याची रीत आहे. तिला तिथे केट्टियळिक्कल म्हणतात. ज्या ठिकाणी माणूस टिकत नाही तिथे भीती वापरली जाते, कारण ओळख व्हायला लागणारा वेळ कोणी दिलेलाच नसतो. आपल्या कॅम्पात हे येऊ द्यायचे नसेल तर माहूत टिकवण्याला पर्याय नाही.

कमलापूरच्या बाबतीत तातडीचा विषय पिल्लांचा आहे. 2020 आणि 2021 मध्ये तिथे पिल्ले दगावली आणि त्या काळात हत्तींमधल्या नागीणवर्गीय विषाणूचे, म्हणजे हर्पिसचे, नाव बातम्यांत आले. हा विषाणू एक ते आठ वर्षांच्या पिल्लांना सर्वाधिक घातक असतो. पिल्लू सुस्त होते, दूध आणि चारा कमी घेते, डोके आणि चेहरा सुजतो, जीभ जांभळी पडते. लक्षणे दिसल्यावर कित्येकदा एक-दोन दिवसच हातात असतात. उपाय तीन आहेत : फॅमसायक्लोव्हिरसारखे विषाणूरोधक औषध, भरपूर द्रवपदार्थ आणि मोठ्या हत्तीच्या रक्तातला प्लाझ्मा. त्यांतले काहीही उशिरा सुरू केले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. विषाणू रक्तात मात्र लक्षणांच्या काही दिवस आधीपासून सापडू शकतो. म्हणून आठवड्याला एकदा रक्त तपासणे हा खरा बचाव आहे.

पण रक्त द्यायला पिल्लू तयार हवे! बेशुद्ध करून दर आठवड्याला रक्त काढता येत नाही आणि दोरांनी बांधून काढले तर तिसऱ्या वेळी ते कोणाला जवळ येऊ देत नाही. इथे माहुताची शिकवण हेच औषधाचे पहिले पाऊल ठरते. जे पिल्लू रोज आपल्या माणसासमोर तोंड उघडते, कान पुढे धरते आणि कुशीवर पडून राहते, त्याची जांभळी जीभ सकाळीच दिसते आणि औषधही त्याच्या पोटात जाते.

हे शिकवायला मारहाणीची गरज नसते. लाकडी खोड्यात पिल्लाला डांबून, आईपासून तोडून, चारी पाय बांधून दोन-चार आठवड्यांत मोडून काढण्याची जुनी रीत आम्ही जाणतो. तिच्यात घोट्यांना दोरांच्या जखमा होतात, पिल्लू खाणे सोडते, आणि उपासाने व ताणाने खचलेल्या पिल्लाला आजार लवकर गाठतो. शिवाय जे शिकले ते फक्त त्या काठीसमोर टिकते. नेपाळ आणि आसाममध्ये बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतीचे वर्ग माहुतांसाठी झाले आहेत. तशीच पद्धत कमलापूरला चालेल, कारण तिथली पिल्ले कॅम्पातच जन्मतात आणि आईच्या माहुताचा हात त्यांना पहिल्या दिवसापासून ओळखीचा असतो.

पद्धत साधी आहे, पण शिस्त कडक लागते. बांबूच्या काठीच्या टोकाला कापडाचा गोळा बांधायचा. पिल्लाने त्याला सोंड किंवा कपाळ लावले की त्याच क्षणी शिट्टी आणि लगेच केळ्याचा किंवा उसाचा अंगठ्याएवढा तुकडा. शिट्टी वाजली म्हणजे बरोबर केले, एवढे पक्के व्हायला काही दिवस लागतात. मग गोळा जिकडे जाईल तिकडे पिल्लू जाते. वर नेला की सोंड वर होते आणि तोंड उघडते, बाजूला धरला की मान वळते. पाय ओंडक्यावर ठेवणे, कान पुढे आणणे, आडवे पडणे ही पुढची पायरी. एक हुकूम, एक शब्द. एका वेळी पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, उन्हे चढायच्या आत किंवा कलल्यावर, आणि आई नजरेच्या टप्प्यात. रक्तासाठी आधी कानाच्या मागची शीर फक्त बोटाने दाबायची. मग ओला कापूस फिरवायचा, मग बोथट काडी टेकवायची, आणि या प्रत्येक पायरीवर पिल्लू स्थिर उभे राहू लागल्यावरच सुई. सुई झाल्यावर पुढचे सहा-सात दिवस सुईशिवाय तोच सराव आणि तेच बक्षीस.

हे फसते कसे, तेही सांगायला हवे. बक्षीस दोन-तीन सेकंद उशिरा मिळाले तर पिल्लू मधल्या वेळात जे करत होते, तेच शिकते. माहूत 'बैठ' म्हणतो आणि चाराकटर 'बस' म्हणतो, असे झाले तर दोन्ही शब्द वाया जातात. कान फक्त सुईच्याच दिवशी हातात घेतला तर महिनाभरात पिल्लू कान धरू देत नाही. ते थकेपर्यंत सराव ताणला तर शेवट नकाराने होतो आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातही नकारानेच होते. आणि पर्यटकाच्या हातून फुकट केळे मिळत असेल तर माहुताच्या तुकड्याला किंमत राहत नाही. वर ते पिल्लू माणसांच्या खिशाशी आणि पिशवीशी सोंडेने झोंबायला शिकते. शंभर किलोच्या पिल्लात त्याचे कौतुक होते, पण तेच जनावर तीन हजार किलोचे झाल्यावर त्यातून माणूस जखमी होतो. बाहेरच्यांनी हत्तीला खाऊ घालणे कॅम्पात पूर्ण बंद करा, ही मागणी आम्ही म्हणूनच करतो.

नर हत्तींचा प्रश्न वेगळा आहे. ऐन वयातला नर बहुधा वर्षातून एकदा मस्तीवर येतो आणि ती काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत चालते. डोळा आणि कान यांच्या मधली ग्रंथी फुगते, मग मद वाहतो, पुढे लघवी थेंबथेंब गळून मागचे पाय डागाळतात. माहुताला हे मद वाहण्याच्या आधी कळते. हुकमाला उत्तर द्यायला हत्ती एक क्षण जास्त घेतो, साखळीशी चाळा करतो, मादीच्या मुतावर जास्त वेळ रेंगाळतो. त्याच दिवशी त्याला सावलीत, पाण्याजवळ, रस्त्यापासून लांब बांधले पाहिजे. पुढचा एक आणि मागचा एक पाय वेगवेगळ्या झाडांना बांधायचा, खुराकातले पीठ आणि गूळ कमी करायचे, चारा आणि पाणी लांबून सरकवायचे. मद सुकला म्हणजे मस्ती संपली असे धरून हत्ती सोडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. सुकल्यावरही काही आठवडे वाट पाहावी लागते, आणि पहिल्यांदा जवळ जाणारा माणूस त्याचा जुना माहूतच असावा लागतो. मस्तीच्या हंगामात नर हत्तीच्या माहुताला रजेवर पाठवणे किंवा दुसऱ्या बंदोबस्ताला लावणे म्हणजे गावाचा जीव धोक्यात घालणे आहे.

2021 पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती गडचिरोलीत वावरत आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे त्यांचा वावर त्याहून जुना आहे. 2015 साली तिथल्याच माणगाव खोऱ्यातले हत्ती पकडायला कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आणि माहूत आणावे लागले. रानटी नराच्या वासाने बिथरणार नाही आणि बंदुकीच्या आवाजाला पाठ फिरवणार नाही असा हत्ती तयार व्हायला वर्षे जातात. त्या सगळ्या वर्षांत त्याच्याबरोबर एकच माहूत लागतो. पुढेमागे राज्याला असे हत्ती हवे असतील तर त्यांच्यासाठी माणसे आजपासून घडवायला लागतील.

आता बदलीची रीत. कोणत्याही हत्तीचा माहूत बदलायचा असेल तर नवा आणि जुना यांनी किमान एक वर्ष बरोबर काम केले पाहिजे. उमेदवाराने पहिला महिना फक्त चारा आणि पाणी द्यावे, हुकूम एकही देऊ नये. नंतर अंघोळीला हात लावावा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जमिनीवरून सोपे हुकूम, जुना माहूत खांद्याला खांदा लावून उभा असताना. मग जुन्या माहुताच्या मागे पाठीवर बसावे. मानेवर बसणे त्यानंतर, आणि तेव्हाही जुना माहूत हत्तीच्या पुढे चालत असावा. पूर्ण वर्ष यासाठी की उन्हाळ्यातली पाण्याची ओढ, पावसाळ्यातला चिखल, हिवाळ्यातले चोपिंग आणि नर असेल तर त्याची एक मस्ती, हे सगळे उमेदवाराने जुन्याच्या देखरेखीत पाहिलेले असावे. आज पद रिकामे झाल्यावर जाहिरात निघते, म्हणजे शिकवणारा गेल्यावर शिकणारा येतो. निवृत्तीच्या तारखेआधी दीड वर्ष उमेदवार नेमावा, आणि त्या काळात दोघांचा पगार निघेल अशी तरतूद अर्थसंकल्पात असावी.

हत्ती राज्याबाहेर पाठवायची वेळ आलीच तर 2024 च्या बंदिस्त हत्ती हस्तांतरण व वाहतूक नियमांप्रमाणे प्रवासात माहूत बरोबर असतो. पण ट्रक पोचला म्हणजे हत्ती पोचला असे होत नाही. नव्या जागी शब्द वेगळे, वास वेगळा, चारा वेगळा. मायेच्या माणसांपासून तुटलेला हत्ती खाणे कमी करतो, झुलत उभा राहतो, आणि नवे माणूस जवळ आले तर कधी मऊ पडतो, कधी उसळतो. म्हणून जुन्या माहुताने नव्या जागी किमान सहा महिने, पूर्ण पगारावर आणि कुटुंबाच्या निवासासह राहावे, ही अट प्रत्येक हस्तांतरणाच्या आदेशात घालावी. माहूत जायला तयार नसेल तर हत्तीही हलवू नये.

माहुताची प्रकृती हाही हत्तीच्या आरोग्याचाच भाग आहे. माणसाचा क्षय हत्तीला होतो आणि उलटही घडते. माहूत, चाराकटर आणि त्यांच्या घरच्यांची वर्षातून एकदा क्षयतपासणी आणि हत्तींच्या सोंडेतल्या पाण्याची तपासणी एकाच वेळी करावी. दोघांपैकी एकाचीच तपासणी केली तर तिचा अर्थ लागत नाही.

ही पदे कायम करा. मादी हत्तीमागे एक माहूत आणि एक चाराकटर, नर हत्तीमागे आणखी एक मदतनीस. रोजंदारीवर आणि सहा महिन्यांच्या करारावर हे काम चालत नाही, कारण हत्ती सहा महिन्यांत फक्त माणसाचा वास ओळखायला शिकतो. भरती कमलापूर परिसरातल्या गावांतून व्हावी आणि शिक्षणाची अट शिथिल करून जंगलाचे ज्ञान व जनावराजवळचा वावर यांना गुण द्यावेत. माहूत आणि चाराकटर यांना वणवा, बंदोबस्त, कार्यालयीन कामे यांवर पाठवू नये. अपघात विमा हवा. कॅम्पावर निवासी पशुवैद्यक, विषाणूरोधक औषधाचा साठा आणि रक्ताचा नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे निघेल अशी गाडी हवी.

आणि नोंदवही बदला. प्रत्येक हत्तीच्या पानावर त्याच्या नावाखालीच माहूत आणि चाराकटराचे नाव, रुजू झाल्याची तारीख, निवृत्तीची तारीख आणि उमेदवाराचे नाव असावे. उमेदवाराचा रकाना रिकामा असलेले प्रत्येक पान दर तिमाहीला आपल्या टेबलावर यावे. हे पत्र मिळाल्यावर पहिला मागवायचा कागद तोच असावा, अशी विनंती आहे.

आपले,
हत्ती, माहूत आणि चाराकटर यांच्याबरोबर काम करणारे